सात दिवसांचा नवस

गेल्या वर्षी फाल्गुनातल्या एका मंगळवारी संध्याकाळी मी देवीला सात हजार एक रुपये कबूल केले. तेव्हा वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या घरात मी, माझी पत्नी सुलभा आणि माझी थोरली बहीण आक्का अशी आम्ही तिघं होतो. आणि आतल्या खोलीत, पंख्याखाली, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली आमची मुलगी अमृता. तिला नववा महिना चालू होता आणि त्याच दिवशी सकाळी तिच्या अंगावर कांजिण्या उठल्या होत्या.

मी गोखिवऱ्याच्या एका लहान कारखान्यात हिशेब सांभाळतो. देवाधर्माचं म्हणाल तर सकाळी अंघोळ झाल्यावर हात जोडतो, सणवार पाळतो, वर्षातून एकदा गावी कुलदेवतेला जाऊन येतो. पण माझी श्रद्धा म्हणजे माझ्या कामासारखीच होती. जमा किती, नावे किती हे कळलं की मला झोप लागते. देवापुढे उभा राहिलो तरी काय मागायचं, किती मागायचं आणि त्याबदल्यात काय द्यायचं, हे मी आधी ठरवून जात असे. यात काही कमी आहे असं मला पन्नास वर्षं वाटलं नव्हतं. आज जे लिहितो आहे ते कोणाला पटवण्यासाठी नाही. जे घडलं ते क्रमाने सांगतो.

सकाळी अमृताने मला हाक मारली आणि गळ्याजवळचे दोन फोड दाखवले. आदल्या रात्री थोडा ताप होता, तो दगदगीचा असेल असं आम्ही धरून चाललो होतो. दोन आठवड्यांपूर्वी इमारतीच्या गच्चीवर तिचं डोहाळजेवण झालं होतं. फुलांच्या झोपाळ्यात बसलेल्या अमृताच्या मांडीवर शेजारच्या छोटीला बसवून सगळ्यांनी फोटो काढले होते. त्या छोटीला दुसऱ्याच दिवशी कांजिण्या उठल्याचं कळलं होतं, पण त्याचा धागा आम्ही कोणीच जोडला नव्हता. सुलभाने अमृताच्या पाठीवरचा कपडा वर केला. पाठभर बारीक पाणीदार फोड होते.

आक्का आगाशीला राहते. तिला तिथे दिल्याला चाळीस वर्षं झाली. सुलभाने फोन केल्यावर तासाभरात ती रिक्षाने आली, ती कडुलिंबाचा भारा घेऊनच. आमच्याकडे या दुखण्याला दुखणं म्हणत नाहीत. बाया आल्या म्हणतात. देवी पाहुणी म्हणून अंगावर येते, सात-नऊ दिवस राहते आणि मान घेऊन जाते, अशी समजूत आहे. तेवढे दिवस घरात फोडणी द्यायची नाही, चपला आत आणायच्या नाहीत, कोणाला उणं-दुणं बोलायचं नाही. पाटावर पाण्याचा तांब्या ठेवून त्यात कडुलिंबाचा डहाळा ठेवायचा, तीच देवी. आणि मुख्य म्हणजे औषध द्यायचं नाही. लहानपणी मला आणि आक्काला एकाच वेळी बाया आल्या होत्या तेव्हा आईने हे सगळं पाळलं होतं. आम्ही दोघं बरी झालो होतो. त्यामुळे आक्काने दाराला डहाळे बांधले तेव्हा मला विरोध करावासा वाटला नाही. उलट घरात कोणीतरी जाणतं आलं याचा आधारच वाटला.

पण अमृताच्या डॉक्टरबाईंनी फोनवर ऐकताच सांगितलं की दवाखान्यात बसू नका, मागच्या दाराने या. त्यांनी तिला अंगणातल्या वेगळ्या खोलीत तपासलं. मग मला बाहेर बोलावून जे सांगितलं, ते मी माझ्या शब्दांत लिहितो. मोठ्या माणसाला कांजिण्या लहान मुलापेक्षा जड जातात, गरोदर बाईला त्याहून जड. म्हणून गोळ्या आजच सुरू करायच्या. धाप लागली, खोकला वाढला तर एक मिनिट थांबायचं नाही. पण त्यांची खरी काळजी बाळाची होती.

"हे बघा काका," त्या म्हणाल्या, "पुरळ उठल्यापासून पाच-सात दिवस बाळ पोटात राहिलं, तर तेवढ्यात आईच्या रक्तात या रोगाशी लढायचं बळ तयार होतं, आणि ते नाळेतून बाळाला मिळतं. पण त्याआधीच बाळ जन्मलं, तर आईकडून त्याला जंतू मिळतात आणि बळ मिळत नाही. इतक्या लहान जिवाला मग ते फार भारी पडू शकतं."

"तारीख अजून बारा दिवसांनंतरची आहे," मी म्हणालो.

"तारीख आपण काढलेली असते. बाळाला ती माहीत नसते."

माझ्यासारख्या माणसाला हे गणित लगेच समजलं. आज मंगळवार. पुढचा मंगळवार उजाडेपर्यंत बाळाने थांबायला हवं. बाकी सगळं मग होईल.

घरी येऊन सुलभाने गोळीचं पाकीट फोडलं तशी आक्का उठून उभी राहिली. "अगं, बाया घरात बसल्यात आणि तू त्यांना गोळ्या घालतेस? कोपल्या म्हणजे?"

सुलभा माझ्या बहिणीला तीस वर्षांत कधी उलटून बोललेली नाही. त्या दिवशीही आवाज चढवला नाही. म्हणाली, "बायांना बसू दे की आक्का, त्यांचा मान त्यांना आहे. गोळी मी अमृताला देते आहे, बायांना नाही."

आतून अमृताचा आवाज आला, "आत्या, एक बाई माझ्या नाकाच्या शेंड्यावर बसली आहे. तिला जरा सरकायला सांग ना!" आक्कालाही हसू आवरलं नाही. "असं बोलू नये गं," असं पुटपुटत तिनेच पाण्याचा पेला पुढे केला. तांब्यात डहाळा राहिला, फोडणी बंद राहिली आणि गोळ्याही वेळेवर सुरू राहिल्या. घरात त्यावरून पुन्हा वाद झाला नाही.

त्या संध्याकाळी मी तांब्यापुढे बसलो आणि नवस बोललो. मोठ्याने बोललो, कारण नवसाला साक्षीदार असावा असं मला वाटतं. सात दिवस बाळ पोटात राहू दे, दिवसाला एक हजार याप्रमाणे सात हजार आणि वर एक रुपया, आगाशीच्या पुढे अर्नाळ्याच्या वाटेवर शितळादेवीचं जे लहान देऊळ आहे, तिथे आणून देईन. सुलभाने माझ्याकडे असं पाहिलं की मला ते अजून आठवतं. ती एवढंच म्हणाली, "दिवसाचा भाव कशाला लावलात? नुसतं सांभाळ म्हणायचं होतं." मी म्हणालो, मोघम मागितलं तर मोघम मिळतं.

बुधवार शांतपणे गेला. फोड चेहऱ्यावर, डोक्यात, तळपायांवर उतरले. अमृता कुशीवर वळली तरी कळवळायची, पण श्वास मोकळा होता. मी मनात एक हजार उतरवले. जावई नीलेश पुण्याहून आला होता. त्याला लहानपणी कांजिण्या झालेल्या नाहीत, म्हणून डॉक्टरबाईंनी त्याला खोलीत जायला सक्त मनाई केली होती. तो इमारतीखाली उभा राहायचा आणि अमृता खिडकीत यायची. दोघं चार मजल्यांच्या अंतरावरून फोनवर बोलायची. "अगं, तू खालून अगदी ठिपक्यांची रांगोळी दिसतेस," असं काहीतरी तो बोलायचा, ती हसायची, आणि फोन ठेवला की तो बराच वेळ स्कूटरींच्या रांगेत तसाच बसून राहायचा.

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास तिला कळा सुरू झाल्या. आधी वाटलं, खोट्या असतील. डॉक्टरबाईंनी कळा थांबतात का पाहिलं; थांबत नव्हत्या. त्यांच्या दवाखान्यात तेव्हा तीन ओल्या बाळंतिणी होत्या, त्यामुळे तिथे ठेवणं शक्य नव्हतं. त्यांनी स्वतः फोन करून वसईतल्या एका मोठ्या रुग्णालयात वेगळी खोली मिळवली. दुपारी अमृता मोकळी झाली. मुलगी झाली, सव्वासहा पौंडांची, रडणारी, निरोगी दिसणारी. दाईने ती आधी सुलभाकडे दिली, कारण सुलभाला लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या होत्या आणि अमृताचे फोड अजून ओले होते. खपल्या धरेपर्यंत आईने बाळाला जवळ घ्यायचं नाही, दूध काढून द्यायचं, असं ठरलं. अमृताने आपली मुलगी पाहिली ती दाराच्या काचेतून. तिने काचेवर हात ठेवला आणि मग तोही काढून घेतला, जणू काचेतूनही काही लागेल.

माझं गणित तिसऱ्याच दिवशी मोडलं होतं. मी त्या लांबलचक व्हरांड्यात बसलो होतो आणि खरं सांगतो, माझ्या मनात देवीबद्दल राग होता. एवढं स्पष्ट मागितलं होतं. कोणाचं वाईट मागितलं नव्हतं. चार दिवस, नुसते चार दिवस आणखी, तिला जड होते का?

बाळांच्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं. तरुण गृहस्थ, पण घाई न करणारे. आईकडून जे बळ बाळाला मिळालं नाही, ते आयतं देणारं एक इंजेक्शन असतं. दुसऱ्या माणसांच्या रक्तातून काढलेलं, तयार. ते जितक्या लवकर टोचता येईल तितकं चांगलं. उद्यापर्यंत मिळालं तर उत्तम. ते दिल्यावर कांजिण्या होणारच नाहीत असं नाही, पण झाल्या तरी बहुधा सौम्य होतात. अडचण एकच होती. ते फार कमी ठिकाणी ठेवतात. रुग्णालयातला साठा संपला होता आणि मागणी नोंदवली तरी दोन दिवस लागणार होते. ते मिळालंच नाही तर दुसरा एक उपाय होता. तो इतका नेमका नसला तरी तोही तयार ठेवतो, असं ते म्हणाले.

त्या दुपारपासून नीलेश आणि मी फोन करत सुटलो. वसईची दुकानं झाली, नालासोपाऱ्याची झाली, विरारची झाली. "बाबा, बोरिवलीला ट्राय केलं, दादरला केलं, सगळे एकच सांगतात, दोन दिवसांनी येईल," नीलेश म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. आपल्या मुलीला त्याने फोनच्या पडद्यावरच पाहिलं होतं.

शुक्रवारी सकाळी मी स्कूटर काढली. फोनवर माणूस झटकन नाही म्हणतो, समोर गेलं की कपाट तरी उघडतो, असा माझा अनुभव आहे. विरार पश्चिमेची चार दुकानं पालथी घातली. काही हाती लागलं नाही. मग तसाच आगाशीला आक्काकडे गेलो. गुरुवारी ती घरी परतली होती, आणि नात झाल्याचं मी तिला फोनवर सांगितलं होतं, पण इंजेक्शनचं बोललो नव्हतो. ते सांगितल्यावर ती ओट्यावर बसली. मग म्हणाली, "इथवर आला आहेस तर देवीला लांबून हात जोडून ये. पायरी मात्र चढू नकोस. बाया घरात असताना घरच्या माणसाने देवळाची पायरी चढू नये."

"काय जोडायचे हात? मागितलं ते दिलं कुठे तिने?"

"म्हणून काय बोलणं टाकायचं का?" आक्का म्हणाली. "माझ्याशी किती वेळा भांडलास लहानपणी. राखीला येत होतासच की."

देऊळ म्हणजे एक ठेंगणी कौलारू घुमटी आहे, समोर तळं आणि बाजूला जुना कडुलिंब. मी स्कूटर लावली आणि पायरीपासून दोन हात अंतरावर, झाडाखाली उभा राहिलो. हात जोडले. काय म्हणायचं तेच कळेना. मागायला गेलो तर दिवस संपले होते. तक्रार करायची तर देवीचा कोप बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोचेल अशी भीती वाटत होती. शेवटी मी काहीच मागितलं नाही. आकडाही घातला नाही. मनात एवढंच आलं, की मला आता काही कळत नाही, तूच बघ.

तेवढ्यात आतून एक बाई बाहेर आली. साठीची असावी, नऊवारी कासोटा, डोक्यात अबोलीचा वळेसर, हातात स्टीलचा डबा. पायऱ्या उतरून ती थेट माझ्याकडे आली आणि म्हणाली, "हात पुढं कर, भाऊ."

मी गोंधळलो. डब्यात दहीभात होता. मग मला आठवलं. बाया सुखरूप गेल्या, न्हाण झालं, की त्या घरची बाई शितळादेवीला थंड दहीभाताचा नैवेद्य दाखवते आणि बाहेर पडल्यावर जो पहिला माणूस भेटेल त्याच्या हातावर त्यातला घास ठेवते. न दिला तर पाहुणी मागे वळते म्हणतात. मी आत गेलो असतो तर तिला आधी तळ्याकाठची फुलवाली भेटली असती. बाहेर उभा होतो म्हणून मी पहिला भेटलो.

"मला चालेल का?" मी विचारलं. "आमच्या घरी बाया आहेत अजून."

"मग तुलाच चालंल," ती म्हणाली आणि माझ्या ओंजळीत भात घातला. "कोनाला आल्यात?"

मी सांगितलं. सांगताना ठरवलं होतं त्याहून जास्त सांगितलं गेलं. मुलीचं, काचेच्या दाराचं, इंजेक्शनचं. ती ऐकत राहिली. इंजेक्शनचं नाव निघताच तिने डब्याचं झाकण लावायचं थांबवलं.

"ती सुई? बर्फात ठेवून नेतात ती? बारकी बाटली?"

"तुम्हाला कशी माहीत?"

"अरे, आमी घेतलीय ना! पडून हाय ती."

तिचं नाव कमळाबाई. अर्नाळ्याची, मासळी विकणारी. तिच्या सुनेलाही नवव्या महिन्यातच बाया आल्या होत्या. कळा कधीही सुरू होतील असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तिच्या मुलाने धावाधाव करून विरारच्या एका दुकानदारामार्फत मुंबईहून ते इंजेक्शन आधीच आणवलं आणि त्याच्याच फ्रिजमध्ये नाव घालून ठेवून दिलं. पण कळा आल्याच नाहीत. पुरळ उठल्यानंतर आठवा दिवस सुरू झाला तेव्हा तिची सून बाळंत झाली. डॉक्टर म्हणाले, आता बाळाला सुईची गरज नाही, आईकडून सगळं मिळालं आहे.

"आमचा नातू बसला आत हट्टानं," कमळाबाई हसत म्हणाली. "सून रोज पोटावर हात ठेवून बोलायची, ये रे बाबा, आता ये. तो कुटला येतोय! आनि दुकानवाला बाटली परत घेईना. पोरगा माझा चिडचिड करतोय, आये, एवढे पैसे पान्यात गेले. मी म्हटलं, जाऊ दे, पान्यातूनच तर कमावतो."

दहीभात माझ्या ओंजळीत तसाच होता. "खा तो आदी," ती म्हणाली. "मग चल."

तिने मुलाला फोन लावला. त्याने पलीकडून काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण ती म्हणाली, "कोन म्हंजे? मानूस हाय. त्याच्या नातीला पायजे. तू दुकानवाल्याला सांग, आये येतेय." आणि माझ्या स्कूटरवर मागे एका अंगाला बसली. वाटेत खड्डा आला की माझ्या खांद्यावर थापटी मारायची. "हळू रे भाऊ! माझ्या नातवाचं बारसं व्हायचंय अजून. मला पाडलंस तर पाळन्यात गानी कोन म्हननार?"

विरारच्या त्या दुकानापर्यंत मी सकाळी पोचलो नव्हतो, पण दुकानदाराने मला आवाजावरून ओळखलं. "काल तुम्हीच फोन केला होता ना? मी नाही म्हणालो, कारण माझ्याकडे विकायला नव्हतं. ही बाटली ह्यांची." तो खरंच बोलत होता. काल दुपारी मी ज्या दुकानातून नकार ऐकला, त्याच दुकानाच्या फ्रिजमध्ये ती दुसऱ्याच्या नावाने ठेवलेली होती. त्याने बिलाची प्रत काढून दिली, थंड डबी बांधून दिली. मी खिशात हात घातला तशी कमळाबाईने माझं मनगट धरलं.

"आता नको. नैवेद्याच्या हातानं आज पैसं घेनार नाय मी. तुझ्या नातीचं निभावलं म्हंजे ये. बिलावर हाय तेवढंच आन, एक रुपाया जास्त नको."

उधारीवर काही घ्यायची मला सवय नाही. पण त्या दिवशी मी मान हलवली आणि निघालो.

बाळांच्या डॉक्टरांनी बाटलीचं सील, मुदतीची तारीख, बिल, किती वेळ बाहेर होती, सगळं तपासलं. मला बरं वाटलं. मीही हेच केलं असतं. जन्माला चोवीस तास व्हायच्या आत नातीला इंजेक्शन टोचलं गेलं. ती जोरात रडली. काचेपलीकडे अमृताही रडत होती, आणि खाली फाटकाजवळ उभ्या असलेल्या नीलेशला मी फोनवर नातीचं रडणं ऐकवलं.

त्यानंतर लगेच सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. आठवड्याने अमृताच्या सगळ्या फोडांवर खपल्या धरल्या आणि डॉक्टरांनी परवानगी दिली. सुलभाने बाळ तिच्या मांडीवर ठेवलं तेव्हा अमृताने आधी तिची बोटं मोजली. मला वाटलं, मुलगी माझीच आहे. बाराव्या दिवशी नातीच्या पोटावर तीन आणि कानामागे एक असे फोड उठले. आम्ही पुन्हा रुग्णालयात गेलो, तिला चार दिवस ठेवून घेतलं, औषध शिरेतून दिलं. फोड तेवढेच राहिले. ताप आला नाही, दूध तिने एकदाही सोडलं नाही. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन मिळालं नसतं तर काय झालं असतं ते सांगता येत नाही, पण मिळालं ते फार चांगलं झालं. आक्काने दृष्ट काढली आणि जाता जाता सुलभाला विचारलं, "तिची औषधं वेळेवर देतेस ना?"

नात सव्वा महिन्याची झाली आणि माझा प्रश्न पुढे आला. नवस सात दिवसांचा होता. बाळ तिसऱ्या दिवशी आलं. नीलेश म्हणाला, "बाबा, टेक्निकली तुम्ही काहीच देणं लागत नाही." आक्का म्हणाली, "तीन दिवस राहिली ना पोटात? मग तीन हजार दे, मिटलं." दोघांचं म्हणणं हिशेबाने बरोबर होतं. पूर्वीचा मी तीन हजारांवर राजी झालो असतो.

पण रोज अंघोळ झाल्यावर हात जोडताना मला कमळाबाईचा तो नातू आठवत होता, हट्टाने आत बसलेला. मी जे दिवस मागितले होते ते दिले गेले होते. पूर्ण दिले गेले होते, वर एक जास्तच. फक्त माझ्या घरी नाही, अर्नाळ्याला, ज्या घराचं नावही मला माहीत नव्हतं त्या घरी. माझा नवस मंगळवारचा. ते मूल त्याआधीच हटून बसलेलं असणार. म्हणजे मी मागायच्या आधीच माझ्या नातीची बाटली फ्रिजमध्ये येऊन पडली होती. नीलेश याला योगायोग म्हणतो. त्याच्याशी मी वाद घालत नाही, कारण माझ्याकडे पुरावा नाही. मला एवढंच समजलं की मी देवीला काय हवं ते सांगितलं होतं, आणि कसं द्यायचं तेही सांगितलं होतं. दुसरं सांगायचा मला अधिकार नव्हता. त्या झाडाखाली मी पहिल्यांदा काही न सांगता उभा राहिलो, आणि माझ्या रिकाम्या ओंजळीत कोणीतरी भात घातला.

चैत्र संपताना, शुक्रवारीच, आम्ही सगळे अर्नाळ्याला गेलो. कमळाबाईला बिलावरची रक्कम दिली. तिने मुलाकडून मोजून घेतली आणि वरचा आमचा खण मात्र ठेवून घेतला. दोन्ही बाळांना एका चादरीवर निजवलं. तिचा नातू झोपला होता, आमच्या नातीने त्याच्या कानाला हात लावला. "ए, आमचा कान सोड!" कमळाबाई तिला म्हणाली. "बाटली दिली तेवडं पुरे नाय झालं?"

तिथून परतताना देवळात थांबलो. सात हजार एक रुपये पेटीत घातले, तीन हजार नव्हेत. सुलभाने सकाळी कालवलेल्या दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि डबा माझ्या हातात दिला. खरं तर हे बाईचं काम, पण ती म्हणाली, तुम्हीच न्या बाहेर. पायऱ्या उतरलो. कडुलिंबाखाली, पायरीपासून दोन हात लांब, एक तिशीतला माणूस चपला काढून उभा होता. अंगावर कारखान्याचा निळा गणवेश होता, आणि आत जायचं की नाही असा चेहरा होता.

"हात पुढे करा," मी म्हणालो.

त्याने ओंजळ पुढे केली. मी तीत भात घातला, डब्यात होता तेवढा सगळा, आणि विचारलं, "घरी कोणाला आल्या आहेत?"